सूचक, अनुमोदक आणि डीएल

गेल्या पंधरवड्यात एकच फाइल मी चार वेळा लिहिली. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. सचिवांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटपॅडची फाइल, छापली तर अकरा पानं होतील एवढी. ना ठळक अक्षर, ना अधोरेखन, ना मधोमध घेतलेला मथळा. नुसती अक्षरं आणि एंटर.

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकोणीस वर्षं डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, तेरवीची कार्डं. आता पत्रिका लोक मोबाइलवरच करून घेतात, म्हणून रात्री जेवणं उरकली की वेबसाइट बनवायचा एक ऑनलाइन कोर्स करते आहे. दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ असा होता: कोणताही साधा मजकूर घ्या, त्याला एचटीएमएलचे अर्थपूर्ण टॅग लावा, सीएसएसची एक ओळही लिहू नका. (टॅग म्हणजे कुठला मजकूर मथळा, कुठला परिच्छेद हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा; सीएसएस म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा.) म्हणजे रंग नाही, फॉन्ट नाही, समास नाही. आचाऱ्याला मीठ-तिखट न घेता पंगत उठवून दाखव म्हणावं, तसं झालं माझं.

वाचनालयाला हे इतिवृत्त नाहीतरी आपल्या पानावर टाकायचं होतं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

पहिल्या खेपेला मजकूर उचलला, जसाच्या तसा पानाच्या ‘बॉडी’ टॅगमध्ये टाकला आणि ब्राउझरमध्ये उघडला. सगळं इतिवृत्त एका परिच्छेदात! एचटीएमएलला तुमच्या एंटरशी काही घेणं नसतं. दहा स्पेस द्या नाहीतर चार एंटर मारा, तो त्यांची एक स्पेस करून मोकळा होतो. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ याला चिकटून ‘अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले’. पिठाचा गोळा नुसता.

(त्याच्याही आधी एकदा दुकानातल्या जुन्या विंडोज सेव्हनवर ती फाइल सेव्ह करताना मी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदललंच नाही. तिथल्या नोटपॅडचं मूळ एन्कोडिंग एएनएसआय, त्यात देवनागरी बसत नाही. इशारा आला होता, मी सवयीने ओके दाबलं. उघडली तर अकरा पानं प्रश्नचिन्हं. सचिवांकडून परत मागून घ्यावी लागली. ती मी मोजलेली नाही.)

दुसऱ्या खेपेला मात्र डोकं चालवलं. मथळ्यांना ठळक करणारा ‘बी’ टॅग, त्याच्यावर अक्षर मोठं करणारा ‘बिग’ टॅग, दोन विषयांच्या मध्ये ओळ तोडणारे तीन-तीन ‘बीआर’. ‘बिग’ केव्हाच बाद झालाय हे वाचलं होतं, पण ब्राउझर अजून मानतो, मग वापरायला काय हरकत? पान झकास दिसलं. तेवीस मथळे, सगळे ठसठशीत. सीएसएस न लिहिता एवढं जमलं म्हणून स्वतःवरच खूश होते.

त्याच दिवशी दुपारी सर आले. हे आमच्या वाचनालयाचे जुने सभासद, संगीताचे निवृत्त शिक्षक. चाळिशीतच काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. लॅपटॉपवर एनव्हीडीए वापरतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलं, तो स्वतः अंध. सरांना एका अर्जाची प्रिंट हवी होती.

“काय करून राहिल्या ताई?”

“सभेचं इतिवृत्त सर. वेबपान करते आहे.”

“मग द्या की, ऐकतो.”

पेन ड्राइव्हवरून त्यांच्या लॅपटॉपवर फाइल टाकली. सरांनी ती उघडली आणि एच दाबलं. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर जाता येतं, आपण नजरेने पान चाळतो तसं. लॅपटॉप म्हणाला, ‘नो नेक्स्ट हेडिंग’.

“यात मथळेच नाहीत ताई.”

“आहेत ना सर! तेवीस आहेत. मोठे केलेत, ठळक केलेत.”

“तुम्हाला दिसून राहिले असतील.”

बोलण्यात टोमणा नव्हता, ते सहजच म्हणाले. पण त्या वाक्याने मला एकदम कृतिदेव या जुन्या फॉन्टची आठवण झाली.

ज्यांनी युनिकोडच्या आधी, म्हणजे संगणकात मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळण्याआधी, मराठी टाइप केलंय त्यांना हे लगेच कळेल. कृतिदेवमध्ये ‘कमल’ लिहायचं तर इंग्रजी डी, ई आणि वाय या तीन कळा दाबायच्या. पडद्यावर कमल दिसायचं, कागदावर कमल छापलं जायचं, पण संगणकाच्या पोटात डी, ई, वायच. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ. गिऱ्हाईक घाबरून फोन करायचं, “ताई, फाइल करप्ट झाली!” करप्ट-बिरप्ट काही नाही. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, मराठीचं सोंग होतं. अशा सोंगांवर मी संसार केला आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण माझे तेवीस मथळे हे त्याच जातीचे होते. दिसायला मथळा, आत नुसता जाड मजकूर. माझा पडदा असला तरच तो मथळा.

सरांनी आणखी एक सांगितलं. पान सुरू झाल्याबरोबर त्यांचा नेहमीचा मराठी आवाज बदलला आणि उच्चार परके झाले. कारण शोधायला मला अर्धा तास लागला. माझ्या एडिटरमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबला की पानाचा सांगाडा आपोआप येतो आणि त्याच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली असते. म्हणजे आत अकरा पानं मराठी आणि दारावर पाटी इंग्रजीची! पाटी वाचून एनव्हीडीएने इमानदारीत आवाज बदलला होता. भाषेचा कोड ‘एमआर’ केला. त्याच सांगाड्यात टायटल म्हणून ‘डॉक्युमेंट’ एवढंच असतं, ते बदलून सभेचं नाव आणि वर्ष घातलं.

भाषेच्या कोडचा एक फायदा मला नंतर कळला, आणि तो कळल्यावर डीटीपीवाली म्हणून जी गंमत वाटली ती कोर्समधल्या कुणाला सांगून कळणार नाही. काही देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी भरून ठेवलेली असतात. पानाची भाषा मराठी सांगितली की फॉन्ट आपणहून पाकळीचा ल आणि देठाचा श काढतो. कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना “हा ल हिंदी का दिसतो?” याचं उत्तर देत आले, आणि इथे दोन अक्षरांत काम झालं.

तिसरी खेप सांगण्यासारखी नाही. नव्याचे नऊ दिवस. कोर्समध्ये जेवढे टॅग शिकवले तेवढे सगळे लावले. आर्टिकलात सेक्शन, सेक्शनात आर्टिकल, कोणी सभेत तोंड उघडलं की उताऱ्यासाठीचा ब्लॉककोट. पत्त्याला ‘अ‍ॅड्रेस’ टॅग लावला, तर तोही चुकीचा: दिसेल त्या पत्त्यासाठी तो नाही, या पानाबद्दल किंवा या लेखाबद्दल कोणाशी बोलायचं त्या संपर्कासाठी आहे. सभा जिथे झाली त्या सभागृहाचा पत्ता साध्या परिच्छेदातच हवा. पानाच्या तळाला सचिवांचा ईमेल आहे, त्याला ‘अ‍ॅड्रेस’ शोभतो.

चौथ्या वेळी एडिटर उघडलाच नाही. इतिवृत्ताची प्रिंट काढली आणि लाल पेन घेऊन बसले. प्रत्येक ओळीपुढे लिहीत गेले की ही ओळ इथे काय काम करते. ही कशी दिसावी हा प्रश्न मनात आला की पेन खाली ठेवायचं. दोन संध्याकाळी गेल्या. एरवी इतिवृत्त कोणी वाचत नाही. मी गेली कित्येक वर्षं टाइप करते, पण वाचलं पहिल्यांदाच.

पहिलीच अडचण मथळ्याची. लेटरहेडवर सगळ्यात मोठं काय असतं? संस्थेचं नाव. चोवीस पॉइंट, मधोमध, खाली नोंदणी क्रमांक. म्हणून एच-वन, म्हणजे पहिल्या पातळीच्या मथळ्याचा टॅग, संस्थेच्या नावाला द्यावा असं हाताला वाटत होतं. पण या कागदाचं नाव संस्थेचं नाव नाही. हा कागद इतिवृत्त आहे. एच-वन ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ याला गेला आणि संस्थेचं नाव वर हेडरमध्ये साध्या परिच्छेदात बसलं. अध्यक्षांनी पान पाहिलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच: “आपलं नाव बारीक का?” नंतर सीएसएसमध्ये मोठं करून देईन म्हटलं. बारीक-मोठं हा सीएसएसचा प्रांत.

पुढे प्रत्येक ‘विषय क्र.’ला एच-टू, आणि प्रत्येक विषयाच्या पोटात ‘ठराव क्र.’ला एच-थ्री. मध्ये चर्चा साध्या परिच्छेदांत. सगळं प्रत्येकी एका सेक्शनमध्ये. इतिवृत्त लिहिणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत इतकी पक्की आहे की ती उलगडायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

आणि मग आलं सूचक-अनुमोदक. प्रत्येक ठरावाखाली दोन ओळी असतात: सूचक कोण, अनुमोदक कोण. आधी मी याचं टेबल केलं होतं, मग यादी, मग ‘बीआर’ टाकून दोन ओळी. मग डीएल सापडला. त्याच्या आत डीटी म्हणजे नाव आणि डीडी म्हणजे त्या नावाचं जे काही असेल ते. कोर्समध्ये शब्दकोशाचं उदाहरण देऊन तो एका मिनिटात उरकला होता, म्हणून माझं लक्षच गेलं नव्हतं. डीटी: सूचक. डीडी: त्यांचं नाव. आमच्या ग्रंथखरेदीच्या ठरावाला दोघांनी अनुमोदन दिलंय, तर एका डीटीखाली दोन डीडी चालतात. आपल्या सभांसाठीच कोणीतरी तो बनवला असावा इतका बेतीव!

हा टॅग नवा असेल असं वाटलं होतं. तो तर सगळ्यात जुन्यांपैकी निघाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत टॅगची जी पहिली यादी केली ती जेमतेम अठरा टॅगची. तिच्यात मथळे आहेत, परिच्छेद आहे, याद्या आहेत, डीएल आहे, अ‍ॅड्रेससुद्धा आहे. ‘बी’ नाही. फॉन्ट बदलायचा टॅग तर खूपच नंतर, ब्राउझर कंपन्यांच्या चढाओढीत आला. म्हणजे माझ्यासारख्या डीटीपीवाल्या नंतर घुसल्या म्हणायच्या.

याद्यांमध्ये फार सांगण्यासारखं नाही. सचिवांनी हाताने ‘१)’, ‘२)’ टाइप केलं होतं, यादीचा टॅग आकडे स्वतःच घालतो, मी हातचे काढायला विसरले तर ‘1. १)’ असं दुहेरी दिसायला लागलं. गृहपाठ दिल्यानंतर सीएसएसमध्ये यादीचा प्रकार ‘देवनागरी’ केला की आकडे मराठी येतात, हे इथे सांगून ठेवते; ठाऊक नसल्यामुळे लोक हाताने आकडे टाकत बसतात.

तारखेला ‘टाइम’ टॅग. मजकुरात ‘दि. २२/९/२४’ तसंच ठेवायचं, पण टॅगच्या आत वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं. मराठी आकडे तिथे चालत नाहीत. सभा अकरा वाजताची, पण नेहमीप्रमाणे गणपूर्ती झाली नाही, म्हणून अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा सुरू. दोन्ही वेळांना टाइम लावला. माणसं वेळेवर न येण्याचीही अशी व्यवस्थित नोंद झाली.

मला सगळ्यात आवडलेली जागा मात्र विषय क्रमांक एकमध्ये आहे. मागील इतिवृत्त कायम करताना एका सभासदाने चूक दाखवली: उपस्थिती ‘४२’ छापली होती, ती ‘२४’ हवी. नोंदवहीत अशा वेळी आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहितात आणि अध्यक्ष सही करतात. खाडाखोड करायची नाही, जुनं वाचता आलं पाहिजे. एचटीएमएलमध्ये यासाठी खोडलेल्याला ‘डेल’ आणि नव्याला ‘इन्स’ आहेत, आणि दुरुस्ती कधी केली ती तारीखही त्यांच्या आत लिहिता येते. नुसती आडवी रेघ हवी असेल तर ‘एस’ हा वेगळा टॅग आहे, पण तो ‘ही गोष्ट आता लागू नाही’ यासाठी. दिसायला दोन्ही रेघा सारख्या. दुकानाच्या दरपत्रकातला जुना भाव म्हणजे एस, आमचे बेचाळीस म्हणजे डेल.

आता जमाखर्च. तो मी शेवटी ठेवला होता कारण त्याची भीती होती. नोटपॅडमध्ये स्पेस मारून मारून जुळवलेला, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. माझ्या हिशेबाने हे सरळ चार कॉलमचं टेबल. केलं. सरांना पाठवलं. त्यांचा फोन आला.

“ताई, वर्गणीच्या पैशातून वीजबिल भरलं का आपण?”

झालं होतं असं की ओळीने वाचत गेलं की एका दमात येत होतं: वर्गणी, इतके रुपये, वीजबिल, इतके रुपये. पुढची ओळ: शासकीय अनुदान, इतके, वृत्तपत्रे व नियतकालिके, इतके. आपण पाहताना मधली उभी रेघ पाहतो आणि उजवी-डावी बाजू वेगळी धरतो. त्या दोन बाजूंचा ओळीने एकमेकींशी काहीही संबंध नसतो, असतो तो फक्त तळाच्या बेरजेचा. म्हणजे हे एक टेबल नव्हतंच. दोन टेबलं शेजारी ठेवलेली होती. जमेचं एक, खर्चाचं एक, प्रत्येकाला आपलं कॅप्शन, वरच्या ओळीला साध्या खान्याच्या ‘टीडी’ऐवजी शीर्षकाचा ‘टीएच’ आणि त्यात हे शीर्षक कॉलमचं आहे हे सांगणारा ‘स्कोप’. आता सर रकमेच्या रकान्यात गेले की त्यांना त्या रकान्याचं नाव ऐकू येतं.

कोषाध्यक्ष ऐकेनात. अनुदान घेणारी संस्था आहे, तालुका ‘ब’ वर्ग, जमाखर्च दोन बाजूंनीच दिसला पाहिजे. त्यांचं चूक नव्हतं. टेबलं दोन ठेवली आणि सीएसएसने शेजारी-शेजारी मांडीन असं कबूल केलं. ते ज्या कागदावर सही करतात त्यासारखं दिसतंय ना, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

एका गोष्टीवर माझं कोर्सवाल्यांशी जमलं नाही. ग्रंथांच्या नावांना ‘साइट’ (cite) आणि जोर द्यायच्या शब्दांना ‘ईएम’ लावायचा, हे मान्य. पण सीएसएस न लिहिता ठेवलं तर ब्राउझर ती अक्षरं तिरपी करतो. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. बहुतेक फॉन्टात ती नसतातच, मग ब्राउझर सरळ अक्षरच धरून कलंडवतो. शिरोरेखा तशीच आडवी आणि तिच्याखाली वाऱ्याने झुकलेली अक्षरं. भेट मिळालेल्या ग्रंथांची अख्खी यादी अशी कललेली पाहून रात्री झोप लागली नाही. टॅग ठेवले, गृहपाठ तसाच दिला, आणि दुसऱ्या दिवशी पहिली सीएसएस लिहिली ती हे तिरपेपण काढायची आणि पुस्तकांच्या नावांना अवतरणचिन्हं द्यायची.

गृहपाठ देण्याआधी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन तपासनीसात फाइल टाकली. दोन चुका, दोन्ही न बंद केलेले टॅग. मग खोडसाळपणा सुचला म्हणून सगळे टॅग काढून प्रत्येक ओळ नुसत्या ‘डिव्ह’ या स्वतःचा काहीच अर्थ नसलेल्या टॅगमध्ये गुंडाळली आणि तीही टाकली. शून्य चुका! त्याला व्याकरण कळतं, इतिवृत्त कळत नाही.

म्हणून शेवटची तपासणी सरांकडे. या वेळी मीच त्यांच्या घरी गेले. पान उघडलं, आवाज मराठीच राहिला. सर एच दाबत गेले, विषयामागून विषय. मग त्यांनी तीनचा आकडा दाबायला सुरुवात केली, म्हणजे फक्त तिसऱ्या पातळीचे मथळे, म्हणजे फक्त ठराव. एक, दोन, तीन... नऊवर ‘नो नेक्स्ट हेडिंग अ‍ॅट लेव्हल थ्री’.

“ताई, ऐनवेळेच्या विषयातला एक ठराव राहिला तुमचा.”

“कोणता सर?”

“ऐकायच्या पुस्तकांसाठी एक संगणक आणि हेडफोन. मी मांडला होता ना सभेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.”

मला वाटलं, टॅग चुकला. मूळ फाइल काढली. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळेचे विषय’ या खाली, सचिवांच्या शब्दांत, एकच परिच्छेद: दृष्टिहीन वाचकांसाठी संगणकाबाबत चर्चा झाली. सभासदांनी सूचनेचे स्वागत केले. ठराव क्रमांक नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. मी एच-थ्री द्यायचा तर कशाला देणार होते?

सरांना वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग हसले. “म्हणजे दोन वर्षं मी जो ठराव धरून चाललो होतो तो ठरावच नव्हता.”

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असा अर्ज त्यांनी तिथेच सांगितला आणि मी टाइप केला. सूचक ते स्वतः. अनुमोदक म्हणून माझं नाव घालायला सांगितलं, मी सभासद आहे हे त्यांच्या लक्षात होतं. दुकानात येऊन प्रिंट काढली. ‘विषय’ या शब्दाखाली रेघ मारा असं ते निघताना म्हणाले होते, ती मारली. हा कागदावरच जायचा होता.